पाटकऱ्याची जागा : मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलींविषयी वाचकांचे प्रश्न

मुलींच्या फुटबॉलविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पाचही पत्रे संघाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या, म्हणजे मिडफिल्डर मुलींविषयी आहेत, त्यामुळे ती एकत्र घेणे मला योग्य वाटले. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते आणि शाळेच्या संघात मधल्या फळीत खेळते. गेल्या वर्षभरात तिने एकही गोल केलेला नाही. तिची आजी म्हणते, "पोर दिनभर पयस, पन हातमा काय येस?" (पोर दिवसभर पळते, पण हाती काय येते?) तिचे वडीलही आता तेच म्हणू लागले आहेत. मुलीला मात्र मोठेपणी व्यावसायिक खेळाडूच व्हायचे आहे. या जागेवर खेळणाऱ्या मुलीची कारकीर्द नेमकी कशी असते, हे आम्हाला समजावून सांगाल का? (एक आई, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, आजींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच मुलखातल्या शेतात सापडते. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने जे पाणी दिले जात असे, त्यात बंधाऱ्यातून पाटात आलेले पाणी कोणत्या चारीत, कधी आणि किती वेळ सोडायचे हे पाटकरी पाहत असे. पीक त्याच्या नावावर नसे, उसाचा किंवा गव्हाचा ढीग त्याच्या खळ्यावर पडत नसे. परंतु त्याचे लक्ष चुकले तर एका शेतात पाणी तुंबे आणि दुसऱ्यातले उभे पीक करपून जाई. फुटबॉलच्या मैदानावर मधल्या फळीतील खेळाडू हेच काम करते. बचावफळीने हिसकावून आणलेला चेंडू तिच्याकडे येतो आणि तो डावीकडे वळवायचा, पुढे सोडायचा की क्षणभर स्वतःजवळ धरून ठेवायचा, हे तिला एका श्वासाच्या अवधीत ठरवावे लागते.

या जागेचेही पोटप्रकार आहेत. एक खेळाडू बचावफळीच्या पुढे उभी राहून प्रतिस्पर्ध्यांची चढाई मोडते, दुसरी दोन्ही गोलांदरम्यान सतत ये-जा करते, आणि तिसरी आघाडीच्या खेळाडूंच्या किंचित मागे राहून गोलाचा शेवटचा पास देते. मोठ्या स्पर्धांत मधल्या फळीतील खेळाडू ९० मिनिटांच्या सामन्यात साधारण दहा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक धावते. आपली मुलगी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही; तथापि गोलांच्या आकड्यावरून तिची किंमत करणे म्हणजे खळ्यावरचे धान्य मोजून पाटकऱ्याला नापास करणे होय.

कारकीर्द कशी असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून मी ब्राझीलच्या फोर्मिगाचे नाव घेईन. तिचे खरे नाव मिराइल्देस मासिएल मोता. फोर्मिगा या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ मुंगी, आणि संघासाठी न थकता राबण्याच्या तिच्या खेळामुळे हे नाव तिला चिकटले. तिचा जन्म ३ मार्च १९७८ रोजी साल्वादोर शहरात झाला. ज्या देशाला आपण फुटबॉलचे माहेर मानतो, त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना फुटबॉल खेळण्यास कायद्याने बंदी होती, म्हणजे ती जन्मली तेव्हाही तिच्या देशात तिचा खेळ बेकायदाच होता. वडिलांचे छत्र तान्हेपणीच हरपले, आईने वाढवले, आणि मुलीने चेंडूमागे धावणे भावांना पसंत नव्हते. (हे वाचताना आपल्याकडील किती तरी घरे माझ्या डोळ्यांसमोर येतात.) ही मुलगी सतरा वर्षांची असताना १९९५ च्या विश्वचषकात खेळली आणि २०१९ च्या विश्वचषकात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा मैदानात उतरली. असे सात विश्वचषक तिने खेळले. ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा समावेश १९९६ साली झाला. तेव्हापासून टोकियोपर्यंतच्या सातही स्पर्धांत ती होती आणि २००४ व २००८ मध्ये तिने रौप्यपदक मिळवले. अडतिसाव्या वर्षी, जेव्हा बहुतेक खेळाडू बूट खुंटीला टांगून बसतात, तेव्हा तिला पॅरिसच्या पॅरिस सेंट जर्मेन या क्लबने करारबद्ध केले, आणि २०२०-२१ च्या हंगामात त्या क्लबने आपले पहिले फ्रेंच लीग विजेतेपद मिळवले तेव्हा ती संघात होती. एवढी मोठी कारकीर्द केवळ वेगाच्या बळावर उभी राहत नाही. पाय मंदावतात, पण चेंडू कुठे येणार हे आधीच ओळखण्याची नजर वयाबरोबर अधिक तयार होत जाते, आणि मधल्या फळीत या नजरेचेच मोल असते.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट याच फोर्मिगाशी जोडलेली आहे. तिचा निरोपाचा आंतरराष्ट्रीय सामना २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मनाउस येथे झाला आणि समोरचा संघ भारताचा होता. भारत १-६ असा हरला, परंतु पंजाबच्या मनीषा कल्याणने ब्राझीलसारख्या संघावर गोल केला. हीच मनीषा पुढे सायप्रसच्या क्लबकडून खेळताना युरोपातील महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरणारी पहिली भारतीय ठरली.

वडिलांनी आणखी एक उदाहरण अवश्य वाचावे, असे मला वाटते. स्पेनची ऐताना बोनमाती ही बार्सिलोनाच्या मधल्या फळीत खेळते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे तिला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातील जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला. तिचे आईवडील दोघेही कातालान भाषेचे शिक्षक. लहानपणी ती मुलांच्या संघात खेळली आणि क्लबच्या मुलींच्या संघात दाखल झाल्यावर, घरी कोणालाच गाडी चालवता येत नसल्यामुळे, तिचे वडील तिला आगगाडी आणि बस बदलत सरावाला घेऊन जात. चोपड्याहून जळगावला एसटीने मुलीबरोबर जाणाऱ्या वडिलांना हे चित्र मुळीच परके वाटू नये.

आता एक करून पाहा. पुढच्या सामन्यात चेंडूकडे पाहू नका, मुलीकडे पाहा. चेंडू तिच्या पायाशी येण्याआधी ती मान वळवून आजूबाजूला किती वेळा पाहते, ते मोजा. चेंडू आल्यावरच जी पाहू लागते तिला उशीर झालेला असतो. आधी दोन-तीनदा पाहून ठेवणारी मुलगी या जागेसाठी जन्मली आहे, असे समजायला हरकत नाही. शक्य झाल्यास आजींनाही सोबत न्या.

प्रश्न : आमच्या मुलीने बारावीनंतर पूर्णवेळ फुटबॉल खेळायचे ठरवले आहे. मला तिच्या खेळाचा अभिमान आहे, परंतु माझी कोरडवाहू कपाशी आहे आणि घरात तिच्या पाठीमागे दोन भावंडे आहेत. या खेळातून तिचे पोट भरेल का, हे मला स्पष्ट सांगावे. (एक वडील, धुळे तालुका)

उत्तर : भाऊ, आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्टच सांगते. केवळ क्लबच्या मानधनावर संसार चालवू शकणाऱ्या महिला फुटबॉलपटू भारतात आज फार थोड्या आहेत. इंडियन विमेन्स लीग ही देशातील मुलींची सर्वोच्च स्पर्धा २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. आरंभी ती काही आठवड्यांतच आटोपत असे. २०२३-२४ पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून सामने होऊ लागले, त्यामुळे हंगाम लांबला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ साली असे ठरवले, की या लीगमधील वरच्या आठ संघांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. ही रक्कम महिन्यावर विभागली तर सव्वीस-सत्तावीस हजार होते. तीही वरच्या संघांत स्थान मिळाले तर, आणि गुडघा शाबूत राहिला तर. गोकुलम केरळ, ओडिशा एफसी आणि ईस्ट बंगाल हे अलीकडचे विजेते पाहिले तर लक्षात येते की हा खेळ केरळ, ओडिशा, बंगालकडे अधिक रुजलेला आहे. खान्देशातील एकही संघ आजवर या लीगच्या पहिल्या श्रेणीत खेळलेला नाही. म्हणजे मुलीला घर सोडावे लागेल, हेही आपण मनाशी धरून चालावे.

मग मी नकार सुचवते आहे का? मुळीच नाही. भारतीय संघातील मधल्या फळीच्या मुलींनी आपली वाट कशी काढली, हे पाहावे. तामिळनाडूची इंदुमती काथिरेसन ही देशाकडून खेळलेली आहे आणि तामिळनाडू पोलीस दलात उपनिरीक्षक आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती चेन्नईच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभी होती. बंगालमधील कल्याणीची संगीता बासफोर ही सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. याच संगीताने ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे यजमान संघाविरुद्ध दोन गोल केले, भारताने सामना २-१ असा जिंकला आणि पात्रता फेरी पार करून आशियाई चषकात जाण्याची कामगिरी आपल्या महिला संघाने प्रथमच केली. या दोघींनी खेळ आणि नोकरी यांपैकी एकाची निवड केलेली नाही. नोकरीच्या आधारावरच त्यांचा खेळ तगून राहिला आहे. रेल्वे, पोलीस आणि निमलष्करी दले यांच्याकडे खेळाडूंसाठी भरती होते, महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही गुणवंत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. आपल्या भागात रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे भुसावळमुळे घराघरांत ठाऊक आहे.

यासाठी तीन गोष्टींची काळजी घ्यावी. पदवीचे शिक्षण थांबवू देऊ नका, कारण नोकरीच्या अर्जात पदकाइतकेच तेही पाहिले जाते आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांत खेळण्यासाठी तर महाविद्यालयात प्रवेश असावाच लागतो. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, मग ते तालुक्याचे का असेना, जपून ठेवा आणि जन्मदाखल्यावरचे नाव, तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का ते आजच तपासा. वयोगटाच्या स्पर्धांत एका अक्षराच्या फरकाने चांगली मुलगी संघाबाहेर बसलेली मी पाहिली आहे. तिसरी गोष्ट अशी की महासंघाच्या नोंदणी प्रणालीत तिची खेळाडू म्हणून नोंद झाली आहे का, हे तिच्या प्रशिक्षकांना विचारा. आणि पंचविशीपर्यंत तिला एक निश्चित मुदत द्या. दरवर्षी "यंदा तरी काही झाले का?" असे विचारत राहिलात तर मुलगी खेळण्याऐवजी उत्तर शोधत राहील.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मागच्या महिन्यात सामन्यात वळताना माझ्या उजव्या गुडघ्यात "कट्" असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा सुजला. गावातल्या माणसाने चोळून दिले. आता सूज उतरली आहे, पण पायऱ्या उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो. पुढच्या आठवड्यात सामना आहे. खेळू का? (एक खेळाडू, शहादा)

उत्तर : नाही, बाळ, खेळू नकोस. आवाज येणे, थोड्याच वेळात सूज चढणे आणि नंतर गुडघा निसटणे, ही तीनही लक्षणे गुडघ्याच्या आतील पुढच्या अस्थिबंधाला, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, इजा झाल्याची असू शकतात. सूज उतरली म्हणजे अस्थिबंध जुळला असे होत नाही. आता कोणाकडूनही चोळून घेऊ नकोस; धुळ्याला किंवा नाशिकला अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, त्यांनी सांगितल्यास एमआरआय करून घे आणि तोवर धावणे बंद ठेव. अशा गुडघ्यावर खेळत राहिल्यास आतील गादीही फाटते आणि मग नुकसान कायमचे होते.

तुझी भीती मला कळते, म्हणून सांगते. स्पेनची अलेक्सिया पुतेयास ही मधल्या फळीतील खेळाडू २०२१ ची बॅलन डी'ओर विजेती होती. जुलै २०२२ मध्ये, युरोपीय स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, सरावात तिचा हाच अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि जगातील उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असूनही ती मैदानात परतली एप्रिल २०२३ च्या अखेरीस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती विश्वविजेत्या संघात होती. शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने स्पर्धात्मक खेळ टाळावा, असे तज्ज्ञ सांगतात, कारण त्याआधी परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळते. शरीराची ठेवण, मांडीच्या मागच्या स्नायूंची तुलनेने कमी ताकद, उडी मारून उतरताना गुडघे आत झुकणे अशी काही कारणे आहेत. पण आपल्याकडील एक कारण पुस्तकांत सहसा येत नाही, ते म्हणजे मैदान. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिकटते आणि फेब्रुवारीनंतर भेगाळते. मधल्या फळीतील मुलगी सामन्यात शेकडो वेळा वळते आणि त्यांतील एखादा पाय भेगेत अडकला तरी पुरे. तुझ्या प्रशिक्षकांना हे उत्तर दाखव आणि विनंती कर, की संघाने 'फिफा इलेव्हन प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम सरावाआधी नियमाने करावा. त्यात सावकाश धावणे, मग ताकद, तोल आणि उड्या, आणि शेवटी वेगाने धावून दिशा बदलणे असा क्रम असतो; त्याला कोणतेही यंत्र लागत नाही आणि दुखापतींचे प्रमाण त्याने लक्षणीय घटते हे अभ्यासांतून दिसून आले आहे. भेगाळलेल्या मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारून माती ओढून घेणे, हे संघातील मुलींनी मिळून करण्याजोगे काम आहे.

विश्रांतीच्या काळात एक रक्ततपासणीही करून घे. पाळीच्या वयात मुलींना लोहाची कमतरता फार आढळते आणि दम लवकर लागण्याचे ते एक मोठे कारण असते. नागलीची भाकरी, कळण्याची भाकरी, मोड आलेली कडधान्ये आणि शेंगदाणे-गूळ हे आपल्या घरातले अन्न तुला पुष्कळ आहे. महागड्या डब्यांची गरज नाही.

प्रश्न : जिल्हा संघाच्या निवडीत मला वगळले. "उंची कमी आहे आणि शेवटची वीस मिनिटे दिसत नाहीस," असे सांगितले गेले. मी बी.ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. आता थांबावे का? (एक खेळाडू, अमळनेर)

उत्तर : यातील दोन आक्षेप वेगवेगळे आहेत, त्यांना एकत्र करू नकोस. उंचीचा आक्षेप तू मनावर घेऊ नयेस. वर जिचा उल्लेख केला त्या बोनमातीची उंची साधारण १६२ सेंटिमीटर आहे. दुसरा आक्षेप मात्र गंभीरपणे घे, कारण तो खरा असावा असे तुझ्याच पत्रातील इतर मजकुरावरून मला वाटते. तू लिहितेस की सराव फक्त शनिवार-रविवारी होतो.

अमेरिकेच्या कार्ली लॉइडला तरुणपणी एकवीस वर्षांखालील राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले होते आणि ती खेळ सोडण्याच्या विचारात होती. त्या वेळी तिला भेटलेल्या प्रशिक्षकाने तिला सांगितले, की तुझे तंत्र आणि खेळाची समज उत्तम आहे, कमी आहे तो दमसास आणि मनाचा कणखरपणा. तिने ते ऐकले. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यांत विजयी गोल तिचे होते, आणि २०१५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध पहिल्या सोळा मिनिटांत तिने तीन गोल केले, त्यांतील तिसरा मैदानाच्या मध्यरेषेपासून. निवृत्तीपर्यंत ती देशाकडून ३१६ सामने खेळली.

दमसास वाढवता येतो. आठवड्यातून दोन दिवस वेगाने धावणे आणि मध्ये सावकाश चालणे असे आलटून पालटून करावे, एक दिवस लांब पल्ल्याचे सलग धावणे ठेवावे आणि एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी साडेसातच्या आत सराव संपवावा, पाण्यात मीठ-साखर घालून ते जवळ ठेवावे आणि डोके दुखू लागल्यास किंवा मळमळल्यास त्याच क्षणी थांबून सावलीत बसावे. बारा आठवडे हे कर आणि मग निवड करणाऱ्यांना पुन्हा भेटून, नम्रपणे, शेवटची वीस मिनिटे पाहण्याची विनंती कर. बारा आठवडे न करता थांबलीस, तर तुला खरोखर जमत नव्हते की नाही, हे तुलाही कधी कळणार नाही.

प्रश्न : मी विद्यापीठ स्तरावर खेळले असून सध्या शासकीय नोकरीत आहे. लग्न झाले आहे. मूल झाल्यानंतर पुन्हा खेळता येते का, आणि खेळाडूला याबाबत काही अधिकार आहेत का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : खेळता येते आणि अधिकारही आहेत. जागतिक फुटबॉल महासंघाच्या जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार व्यावसायिक करारावरील खेळाडूला किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, त्यांतील किमान ८ आठवडे प्रसूतीनंतरचे असावे लागतात, आणि त्या काळात कराराच्या किमान दोन तृतीयांश वेतन द्यावे लागते. हे नियम कागदावर राहिले नाहीत, याचे श्रेय आइसलँडची मिडफिल्डर सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिला जाते. गरोदरपणी मायदेशी परतलेल्या साराचे पूर्ण वेतन फ्रान्सच्या लियाँ क्लबने दिले नाही. तिने महासंघाच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि मे २०२२ मध्ये ८२ हजार युरोंहून अधिक थकबाकी व्याजासह देण्याचा निकाल तिच्या बाजूने लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलाला जन्म दिलेली सारा २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपीय स्पर्धेत आपल्या देशाची कर्णधार म्हणून खेळत होती.

आपला करार क्लबशी नसून आपण नोकरीत आहात, त्यामुळे आपल्या आस्थापनेचे प्रसूती रजेचे सेवानियम आपल्याला लागू होतात. ते कार्यालयातून लेखी मागून घ्यावेत. खेळाकडे परतण्याची घाई करू नये. प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या आणि श्रोणीच्या स्नायूंची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी, आधी चालणे, मग त्या स्नायूंचे व्यायाम, आणि तीन महिन्यांच्या आत धावण्यास आरंभ करू नये. स्तनपान चालू असेल तर सरावाआधी बाळाला पाजून जावे, पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे आणि त्या अर्ध्या-पाऊण तासापुरते बाळ कोणी सांभाळायचे, हे घरातील मंडळींनी आधीच ठरवून ठेवावे.